विमान भरलेलं, तरी तोटा कसा? एअर डेक्कनची गोष्ट आणि सहावीचा नफा-तोटा



सहावीच्या गणितात 'नफा-तोटा' शिकवताना आपण वर्षानुवर्षे तीच उदाहरणं घेतो. दुकानदाराने पेन घेतला, पेन विकला. फळवाल्याने केळी घेतली, काही सडली. उदाहरणं चुकीची नाहीत, पण मुलं ती यांत्रिकपणे सोडवतात. विक्रीतून खरेदी वजा केली की झालं! यंदा मी या घटकासाठी एक विमान कंपनी वर्गात आणली. भारतातली पहिली स्वस्त विमानसेवा, एअर डेक्कन. आमच्या लकडगंजच्या मुलांना हा पाठ इतका आवडला की तास संपल्याची घंटा झाली तरी प्रश्न थांबेनात. म्हणून तो इथे सविस्तर देते आहे. वर्गात जसाच्या तसा वापरला तरी चालेल.

पालकांपैकी अनेकांनी २०२४ मध्ये आलेला 'सरफिरा' हा हिंदी सिनेमा पाहिला असेल. त्यातला नायक वीर म्हात्रे हा मराठी तरुण दाखवलाय. त्याआधी २०२० मध्ये हीच कथा तमिळमध्ये 'सूरराई पोट्रु' नावाने आली होती. दोन्ही सिनेमे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या आयुष्यावर बेतलेले आहेत. सिनेमा पाहून मुलं भारावतात, ते बरंच आहे. पण विमानं उडू लागली, सामान्य माणूस आत बसला, टाळ्या वाजल्या आणि सिनेमा संपला. गणिताचा पाठ मात्र तिथून पुढे सुरू होतो.

मास्तरांचा मुलगा

गोपीनाथ यांचा जन्म १९५१ चा, कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूर गावचा. वडील शाळामास्तर. (हे सांगितलं की स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या माना ताठ होतात.) विजापूरच्या सैनिक शाळेत शिक्षण, मग आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याची एनडीए, मग सैन्य. १९७१ च्या युद्धाच्या काळात ते सैन्यात होते. आठेक वर्षांनी नोकरी सोडून गावी आले, तर घरची जमीन हेमावती धरणाखाली गेलेली. बदल्यात सरकारने दुसरीकडे माळरान दिलं होतं. आपल्याकडे गोसीखुर्दच्या मुलांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्या माळरानावर त्यांनी शेती केली, रेशीम किडे पाळले. पर्यावरणपूरक रेशीमशेतीसाठी १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. १९९७ च्या सुमारास सैन्यातल्या मित्राबरोबर भाड्याने हेलिकॉप्टर देणारी कंपनी चालू केली. आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कन. सुरुवातीला पंख्यांची, अठ्ठेचाळीस जागांची छोटी एटीआर विमानं आणि दक्षिणेतली जवळची गावं. बंगळूर–हुबळी हा सुरुवातीच्या मार्गांपैकी एक. २००४ मध्ये १८० जागांची एअरबस आली.

त्या काळी विमान म्हणजे साहेब लोकांचं वाहन. नागपूरहून मुंबईला जायचं म्हणजे विदर्भ एक्स्प्रेस, त्यातही स्लीपर. गोपीनाथांनी ठरवलं की रेल्वेच्या एसी डब्याच्या भाड्याच्या जवळपास विमानाचं तिकीट द्यायचं. त्यांनी विमानाचं बोधचिन्ह म्हणून कोणाला घेतलं माहितीये? आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'ला. चौकड्यांचा कोट घातलेला, काही न बोलणारा तो आजोबा. मला वाटतं, कंपनीचं सगळं धोरण त्या एका चित्रात होतं.

तिकीट स्वस्त झालं कसं?

इथे मी मुलांना आधी विचारलं, तुम्ही मालक असता तर काय काय कापलं असतं? उत्तरं भराभर आली. "मॅडम, जेवण बंद करायचं!" बरोबर. एअर डेक्कनमध्ये जेवण फुकट नव्हतं, पाणीसुद्धा विकत. कागदी तिकीट नाही. सीट नंबर नाही, आधी येईल तो खिडकीत बसेल, आपल्या एसटीसारखं. तिकीट एजंटकडून घेण्यापेक्षा इंटरनेटवर, फोनवर, अगदी पेट्रोल पंपांवरही. विमानाच्या अंगावर जाहिराती रंगवायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे.

जी गोष्ट मुलांना सुचली नाही ती सगळ्यात महत्त्वाची: विमान जमिनीवर उभं ठेवायचं नाही. उतरलं, माणसं उतरली, नवी बसली की अर्ध्या तासात परत वर. कारण विमानाचं भाडं (बहुतेक कंपन्या विमान भाडेपट्ट्यावरच घेतात), वैमानिकाचा पगार, विमा हे सगळं दिवसाला ठरलेलं. दिवसात चार फेऱ्या केल्या तर तो खर्च चारांत वाटला जातो, सहा केल्या तर सहांत. हा भागाकार फळ्यावर करून घ्या, मुलांना लगेच पटतं. ऑटो चालवणाऱ्या पालकांची मुलं तर आपल्यालाच समजावून सांगतात.

लाकूड, संत्रं आणि सीट

आता एक रुपयाच्या तिकिटाकडे येऊ. एअर डेक्कन खरंच काही जागा एक रुपयाला विकायची (वरून कर वेगळे). मुलांचा पहिला प्रश्न हाच होता, येडा आहे का हा माणूस?

मी त्यांना आपल्याच वस्तीत फिरवून आणलं, म्हणजे मनाने. लकडगंजात रस्त्याने चालताना आरा मशीनचा आवाज येतो, भुशाचा वास येतो. वखारीत सागवानाचे ओंडके पडलेले असतात. आज गिऱ्हाईक आलं नाही तर काय होतं? काही नाही. लाकूड वाळतं, मुरतं, उलट भाव वाढतो. आता तिथून कळमना मार्केटला जा. संत्र्याचा ढीग. आज गेला नाही तर उद्या भाव कमी, परवा त्याहून कमी, मग फेकायची पाळी. व्यापारी संध्याकाळी पडेल भावात देतो, कारण काहीच न मिळण्यापेक्षा थोडं मिळालेलं बरं.

विमानातली सीट कशासारखी? वर्गाने एका सुरात सांगितलं, संत्र्यासारखी! मी म्हटलं, त्याहून नाजूक. संत्र्याला दोन-चार दिवस तरी मिळतात. विमानाचं दार लागलं त्या क्षणी रिकाम्या सीटची किंमत शून्य. ती उद्या विकता येत नाही. आणि विमान जाणारच असेल तर आणखी एक माणूस बसवण्याचा जादा खर्च फार थोडा. म्हणून रिकामी जाणारी सीट स्वस्तात दिली तर त्यात वेडेपणा नाही.

फरक इतकाच, की संत्रीवाला भाव शेवटी पाडतो आणि विमान कंपनी शेवटी चढवते. महिनाभर आधी ठरवणारा प्रवासी हौशी असतो, महाग वाटलं तर येणारच नाही. उद्या जायचंय असं म्हणणाऱ्याला गरज असते, तो देतो. म्हणून लवकर येईल त्याला स्वस्त, उशिरा येईल त्याला महाग. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे दिलेले असतात, हे ऐकून मुलांना अन्याय झाल्यासारखं वाटतं. वाटू द्या, चर्चा छान होते.

फळ्यावरचं विमान

हा पाठाचा गाभा. आकडे मी समजायला सोपे असे मनाने घेतलेत, हे मुलांना आधीच सांगा.

विमानात जागा १८०. समजा एका फेरीचा सगळा खर्च ५,४०,००० रुपये. म्हणजे विमान पूर्ण भरलं तर दर सीटमागे खर्च ३,००० रुपये.

आता विक्री अशी झाली:
१० तिकिटं १ रुपयाला = १० रुपये
५० तिकिटं १,००० रुपयांना = ५०,००० रुपये
७० तिकिटं २,५०० रुपयांना = १,७५,००० रुपये
५० तिकिटं ४,५०० रुपयांना = २,२५,००० रुपये

एकूण प्रवासी १८०. विमान गच्च. एकूण जमा ४,५०,०१० रुपये. तोटा ८९,९९० रुपये!

इथे वर्गात शांतता झाली. मग मागच्या बाकावरून, "पण मॅडम, एकही सीट रिकामी नाही ना?" नाही. सरासरी तिकीट २,५०० रुपये आणि सरासरी खर्च ३,०००. दर माणसामागे पाचशे रुपये खिशातून. दिवसाला अशा सहा फेऱ्या म्हणजे सुमारे ५,४०,००० रुपयांचा तोटा, म्हणजे एक अख्खी फेरी फुकट मारल्यासारखी. आणि अशी विमानं चाळीस असली तर? जितकं जास्त उडाल तितका खड्डा मोठा.

लगेच दुसरं विमान काढा. १४० प्रवासी, ४० जागा रिकाम्या, पण सरासरी तिकीट ४,००० रुपये. जमा ५,६०,०००. नफा २०,०००. रिकाम्या सीटांचं विमान नफ्यात आणि गच्च भरलेलं तोट्यात. हे उदाहरण सुटलं की मुलांना 'विक्री' आणि 'नफा' हे दोन शब्द वेगळे आहेत हे कायमचं कळतं. दुकानात गर्दी दिसते म्हणून दुकान चालतंय असं समजणाऱ्या मोठ्यांनाही हे दाखवायला हरकत नाही.

आता इंधन. भारतात विमानाच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा, साधारण ३५ ते ४० टक्के. आपण ४० टक्के धरू. ५,४०,००० चे ४० टक्के २,१६,०००. इंधन दीडपट महागलं तर १,०८,००० वाढले. फेरीचा खर्च ६,४८,०००, सीटमागे ३,६००. मालकाने काहीच चूक केली नाही, तरी तोटा दुपटीहून जास्त. शतमान आणि नफा-तोटा एकाच गणितात बसतात, म्हणून मला हा भाग विशेष आवडतो.

मग भाव वाढवला का नाही?

आमच्या वर्गातल्या एकीने अस्सल नागपुरीत विचारलं, "मंग त्यानं तिकीट महाग काहून नाही केलं?" उत्तर दुसऱ्याने दिलं, "बाजूच्या ठेल्यावर जातीन ना लोकं!" मला काही बोलावंच लागलं नाही.

२००३ मध्ये स्वस्त विमानाचा ठेला एकच होता. २००५ मध्ये मे महिन्यात स्पाइसजेट आली, त्याच महिन्यात विजय मल्ल्यांची किंगफिशर (ती मात्र थाटामाटाची), नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या वाडिया समूहाची गोएअर, २००६ च्या ऑगस्टमध्ये इंडिगो. जुन्या कंपन्यांनीही भाव पाडले. सगळेच खर्चाच्या खाली विकू लागले, कोण आधी थकतो ते बघायला.

प्रवासी मात्र खूश. २००३-०४ मध्ये देशांतर्गत विमान प्रवासी वर्षाला दीड कोटींच्या आसपास होते, चार वर्षांत ते चार कोटींवर गेले. एअर डेक्कन साठाहून जास्त शहरांत पोचली, चाळीसहून जास्त विमानं झाली. राजमुंद्रीसारख्या गावाच्या धावपट्टीवर विमान उतरू लागलं. हे काम फार मोठं होतं आणि ते कमी लेखू नये.

पण वाढण्याचा वेग पचला नाही, असं माझं मत आहे. छोटी एटीआर आणि मोठी एअरबस, दोन जातीची विमानं म्हणजे वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, दुरुस्तीवाले वेगळे. इंडिगोने २००५ मध्येच एकदम शंभर एअरबसची मागणी नोंदवली आणि बरीच वर्षं एकाच जातीच्या विमानावर काम चालवलं. डेक्कनची उड्डाणं उशिरा सुटणं, रद्द होणं यावर विनोद होऊ लागले. अर्ध्या तासात परत उडायचं हे गणित मुंबई-दिल्लीच्या गर्दीत बसेना. उतरायला जागा नाही म्हणून विमान वर घिरट्या घालतंय आणि खाली हिशोब बिघडतोय.

२००६ च्या मे महिन्यात कंपनीने शेअर विकायला काढले. नेमका बाजार पडला. मुदत वाढवून कसेबसे शेअर खपले आणि नोंदणी झाल्यावर भाव विक्रीच्या किमतीखाली गेला. ज्या पैशावर पुढची वाटचाल ठरली होती तो पुरेसा आलाच नाही, आणि तोटा शेकडो कोटींत गेला होता.

राजाच्या हाती कॉमन मॅन

२००७ मध्ये मल्ल्यांच्या समूहाने एअर डेक्कनचा २६ टक्के हिस्सा घेतला, सुमारे ५५० कोटी रुपयांना. तोट्यातली कंपनी कोण घेतं, असा प्रश्न मुलं विचारतात. एक कारण सरकारी नियमात आहे. तेव्हा परदेशात उडायचं तर कंपनीला देशात पाच वर्षं झालेली हवीत आणि वीस विमानं हवीत. किंगफिशर २००५ ची, तिला २०१० पर्यंत थांबावं लागलं असतं. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचं विमान बंगळूरहून लंडनला उडालं. (हा पाच वर्षांचा नियम पुढे २०१६ मध्ये काढला गेला.)

डेक्कनचं नाव आधी 'सिंप्लिफ्लाय डेक्कन', मग 'किंगफिशर रेड' झालं. कॉमन मॅन गेला. त्याच २००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं. २०११ मध्ये किंगफिशरने स्वस्त सेवा बंद करायची घोषणा केली, २०१२ च्या ऑक्टोबरपासून किंगफिशरची सगळीच विमानं जमिनीवर आली. कर्मचाऱ्यांचे महिनोन् महिन्यांचे पगार थकलेले होते. वर्गात मी इथे जरा थांबते. 'तोटा' हा शब्द पुस्तकात वजाबाकीचं उत्तर असतो. इथे तो कोणाच्या तरी घरचा किराणा आणि मुलांच्या शाळेची फी असतो. ज्यांचे आईबाबा कंत्राटी नोकरीत आहेत, ती मुलं या वेळी मान खाली घालून ऐकतात.

आणि नागपूर?

गोपीनाथ पुढे आपल्या नागपुरातच आले! २००९ मध्ये त्यांनी 'डेक्कन ३६०' ही मालवाहू विमानसेवा काढली आणि तिचं केंद्र ठेवलं सोनेगावच्या आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर. कल्पना अशी की शहरा-शहरांतून रात्री माल इथे आणायचा, वाटणी करायची आणि पहाटेपर्यंत इष्ट गावी पोचवायचा.

आजोबा-आजींना विचारा, ही युक्ती नागपूरला नवी नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परत जायची. झिरो माइलचा दगड मुलांना सहलीत दाखवतोच आपण, त्याला ही गोष्ट जोडा. नकाशावर चार शहरांतून नागपूरपर्यंत रेषा काढायला लावल्या की भूगोलाचा तासही साधतो.

डेक्कन ३६० मात्र दोन वर्षंही धड टिकली नाही, २०११ मध्ये थांबली. मालवाहू विमान भरायला रोज पुरेसा माल लागतो आणि तो मिळेपर्यंत ठरलेला खर्च थांबत नाही. फळ्यावरचंच गणित, फक्त माणसांऐवजी खोकी.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये एअर डेक्कन हे नाव पुन्हा महाराष्ट्रात उडालं. केंद्राच्या 'उडान' योजनेत जळगाव आणि नाशिकहून, एकोणिसेक जागांच्या लहानग्या विमानांनी. तासाभराच्या प्रवासाला काही जागांचं भाडं २,५०० रुपयांच्या मर्यादेत आणि फरक सरकार भरणार. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, तीही सेवा थांबली. आणि ज्या गोएअरचं नाव वर आलं, ती 'गो फर्स्ट' होऊन २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीच्या अर्जाला लागली. तिची जवळपास निम्मी विमानं इंजिनांअभावी उभी होती आणि उभं विमान म्हणजे काय हे आता आपल्या मुलांना सांगायची गरज नाही. नागपूरहून तिची तिकिटं काढलेली बरीच कुटुंबं तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत अडकली होती.

घरी करायचा उपक्रम

एक तक्ता दिलाय, चार रकान्यांचा. घरात किंवा नात्यात पहिल्यांदा विमानात कोण बसलं? कोणत्या वर्षी? तिकीट किती रुपयांचं? कोणती कंपनी, आणि ती आज आहे का? ज्यांच्या घरी कोणीच बसलेलं नाही त्यांनी शेजारी विचारायचं. वर्गात अशी मुलं निम्म्याहून जास्त असतात, त्यांना अवघडल्यासारखं वाटू देऊ नका. आमच्याकडे आलेल्या तक्त्यांत चौथ्या रकान्यात 'नाही' हा शब्द बऱ्याचदा आला. एका मुलीच्या आजीने मात्र कंपनीचं नाव आठवत नाही म्हणून रकान्यात चित्र काढून पाठवलं: चौकड्यांचा कोट घातलेला टकला म्हातारा.

गणितासाठी जादा प्रश्न: वरच्या पहिल्या विमानात एक रुपयाची दहाही तिकिटं ४,५०० रुपयांना गेली असती, तर तोटा किती राहिला असता? उत्तर ४५,००० येतं. मुलं उत्तर काढून थांबतात. तुम्ही लगेच विचारा, मग आता मालकाने पुढे काय करावं? आमच्या वर्गात या एका प्रश्नावर तीन गट पडले आणि अजून भांडताहेत.